नवशिक्यांसाठीचे दस्तऐवजीकरण (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रथमच हाताळणाऱ्या माणसाला ते उतरवून (डाउनलोड करून) घेण्यापासून पहिले काम स्वतःच्या हाताने पुरे होईपर्यंत सोबत करणारे लेखन. रीडमी फाइल (सॉफ्टवेअरची पहिली ओळख करून देणारी), इन्स्टॉल करण्याच्या सूचना, पहिला धडा आणि नेहमी भेटणाऱ्या एररची उत्तरे त्यात येतात. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे विक्रेता असतो. अडले तर त्याला फोन लावता येतो. मुक्तस्रोतात कोड वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळा असतो, पण शेजारी बसून दाखवणारा कोणी असेलच असे नाही. ती जागा लेखनाने भरून काढायची असते. देवगड किंवा गुहागरसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला ओळखीचा जाणकार बहुधा मुंबई-पुण्यातच सापडतो, म्हणून कोकणात या लेखनाचे मोल अधिक.

युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यातूनच आलेली ‘मॅन’ पाने आजही युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स या मुक्त प्रणालीच्या बहुतेक संगणकांवर असतात. मात्र कमांडचे (टंकून द्यायच्या आज्ञेचे) नाव ठाऊक असलेल्यालाच ती सहज उघडता येतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर मुक्त असून भागत नाही, त्याची पुस्तिकाही मुक्त हवी, असा त्यांचा आग्रह होता. २००० साली ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना आला. तरी उणीव राहिलीच. मुक्तस्रोत कोड ठेवण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत ९३ टक्के उत्तरदात्यांनी अपुऱ्या किंवा जुन्या झालेल्या दस्तऐवजांचा अनुभव सांगितला, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण दस्तऐवजांत क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही असे कबूल केले.

याचे कारण केवळ आळस नव्हे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे आहे हे तांडेलाच्या अंगवळणी पडलेले असते. तो होडी वळवतो, पण का वळवली हे बोलत नाही. सॉफ्टवेअर घडवणाऱ्याचेही तसेच होते. ‘टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या’ असे तो लिहितो, तेव्हा टर्मिनल म्हणजे काय, कमांड कोणत्या फोल्डरमधून द्यायची, आणि ‘माझी कामे’ अशी मोकळी जागा असलेले फोल्डरचे नाव अवतरणचिन्हांत न लिहिल्यास संगणक त्याची दोन नावे का समजतो, हे त्याच्या मनातही येत नाही.

दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेल्या ‘डायटॅक्सिस’ या रचनेत दस्तऐवजांचे चार प्रकार मानले जातात : धडा, कृती, संदर्भ आणि विवेचन. उकडीच्या मोदकांवरून हा भेद लगेच कळतो. आजीच्या शेजारी बसून पहिला मोदक वळणे हा धडा. येणाऱ्याने पाच पाहुण्यांसाठी काय करायचे ती कृती. पिठाला पाणी किती हे प्रमाण म्हणजे संदर्भ. आणि उकड गरम असतानाच का मळायची हे विवेचन. बहुतेक प्रकल्पांत संदर्भ भरपूर असतो आणि त्यालाच धडा म्हटले जाते. नवशिक्याचा हिरमोड बव्हंशी इथेच होतो.

कोकणातून पाहिले की परक्या उदाहरणांची अडचण ठळक होते. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आहे. त्याची प्रशिक्षण पुस्तिका उत्तम आहे, पण तिच्यातील नमुना माहिती दक्षिण आफ्रिकेतील स्वेलेंडॅम गावाच्या परिसराची आहे. समजा, रत्नागिरीतील एका विद्यार्थिनीला सड्यावरची (कातळी पठारावरची) कातळशिल्पे नकाशावर मांडायची आहेत. (कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आहे, तेव्हा असे काम कोणीही हाती घेईल.) मोबाइलवर तिने नोंदी घेतल्या. शाळेत आपण ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने म्हणतो, म्हणून तिने पहिला आकडा एक्सच्या रकान्यात घातला आणि दुसरा वायच्या. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश. रत्नागिरीचे सुमारे १७ अंश उत्तर आणि ७३.३ अंश पूर्व हे स्थान उलटे झाले, की सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतात. एररही येत नाही.

ही चूक दुरुस्त केल्यावर तिला प्रत्येक शिल्पाभोवती ५०० मीटरचे वर्तुळ हवे असते. ती ५०० लिहिते. नकाशाचा थर ‘ईपीएसजी ४३२६’ या प्रणालीत (ईपीएसजी म्हणजे स्थान मोजण्याच्या प्रणालींना दिलेले क्रमांक) असल्यामुळे एकक अंशाचे असते. ५०० अंशांच्या वर्तुळात सगळी पृथ्वी झाकली जाते. उपाय पुस्तिकेत आहे, मीटर वापरणारी यूटीएम प्रणाली निवडायची. ती पृथ्वीचे क्रमांक दिलेले उभे विभाग पाडते. पण पुस्तिकेतील ‘३४ दक्षिण’ हा विभाग स्वेलेंडॅमचा. रत्नागिरीला ‘४३ उत्तर’ हवा, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. ‘आपल्या गावाचा विभाग असा शोधा, महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी तो ४३ उत्तर आहे’ एवढे वाक्य मराठी धड्यात असले तर तिची एक दुपार वाचते. नुसत्या भाषांतराने हे साधत नाही, कारण भाषांतरातही स्वेलेंडॅम स्वेलेंडॅमच राहते. कोकणासाठीचा धडा कोकणातल्या माहितीवरच नव्याने लिहायला हवा, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

भाषेचा प्रश्न मराठी शब्दांच्या शुद्धतेचा नाही. पडद्यावरचे बटण इंग्रजीत असेल आणि धड्यात ‘जतन करा’ लिहिले असेल, तर शिकणारा ते बटण शोधत बसतो. जो शब्द दिसतो तोच द्यावा आणि अर्थ मराठीत सांगावा. जुन्या मराठी टंकांचाही स्वतंत्र परिच्छेद हवा. डीटीपीच्या दुकानातून आलेली गावांची यादी युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत-पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असेल तर ती नकाशावर अगम्य चिन्हे होऊन उमटते, आणि नवशिक्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या बाबतीत मोलाची वाट दाखवली आहे. सुमारे दहा मिनिटांचे पाठ, अनेक भारतीय भाषांत, मराठीतही. शिकणाऱ्याने पाठ थांबवत थांबवत तेच काम आपल्या संगणकावर करायचे. संहिता रेकॉर्ड होण्याआधी तज्ज्ञाकडून तर तपासली जातेच, शिवाय विषय न येणाऱ्या माणसाकडूनही तपासून घेतली जाते. हा दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. नवख्याला धडा द्यावा, शेजारी बसावे आणि बोलू नये. तो जिथे थबकेल तिथे धड्यात वाक्य कमी आहे. हे पाठ नेटशिवायही वापरता येतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील गावे दिवसेंदिवस विजेविना होती. त्या काळात ऑनलाइन पुस्तिका असून नसल्यासारखीच. स्फिंक्ससारखी साधने एकाच मजकुरातून वेबपाने, पीडीएफ आणि ई-पब तयार करतात. तेव्हा उतरवून ठेवता येईल अशी प्रत देणे प्रकल्पाला फारसे जड नाही.

सुधारणा कोण करणार? अडलेली जागा ज्याला आठवते तोच, आणि ती आठवण फार दिवस टिकत नाही; महिन्याभराने तोही तांडेल होतो. बहुतेक मोठे प्रकल्प दस्तऐवजांचा मजकूर कोडसारखाच गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवतात, त्यामुळे एका वाक्याची दुरुस्तीही रीतसर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) म्हणून पाठवता येते. लोणेरे, रत्नागिरी, सावंतवाडी अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत विद्यार्थी प्रॅक्टिकलची जर्नल लिहितात. तिच्यात अंतिम, बरोबर आलेले उत्तर उतरवले जाते. कोणती एरर आली, ती कशी सुटली, हे लिहायला जागाच नसते. डावीकडचे पान त्यासाठी सोडले, सत्राअखेर त्यातील नोंदी एकत्र करून मूळ प्रकल्पाकडे पाठवल्या, तर वेगळा निधी किंवा वेगळी समिती लागणार नाही. लागेल ती संयोजकांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात चिकाटी, कारण पहिली दुरुस्ती स्वीकारली जाण्याआधी दोन-तीन वेळा परत येऊ शकते. दर नव्या आवृत्तीनंतर मेनू हलतात आणि चित्रे जुनी होतात, म्हणून धडा पुन्हा कोऱ्या संगणकावर चालवून पाहावा लागतो. पुढच्या वर्षीच्या वर्गाचे पहिले प्रॅक्टिकल हेच असू शकते.