निळा ठिपका खरा, वाट मात्र ऐकीव

पाटगावच्या पुढं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडच्या डोंगरात, गेल्या फेब्रुवारीत आमची जिप्सी एका उतारावर अडली. मोबाईलवरचा निळा ठिपका तुटक रेषेवर बरोबर बसला होता आणि ती रेषा चारशे मीटरवर डांबरी रस्त्याला मिळत होती. काचेतून समोर पाहिलं तर बॉनेटच्या पुढं पुरुषभर खोल घळ, तिच्यात पोत्याएवढे काळे धोंडे आणि दोन्ही कडांना कारवी. शेजारचा मित्र म्हणाला, "मॅप तर हितनंच दाखवतोय की मर्दा!"

वरच्या अंगानं शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा उतरत होते. गाडीकडं बघत ते जरा वेळ उभे राहिले आणि काठीनं घळ दाखवत म्हणाले, "पोरांनू, ही वाट न्हवं, वगळ हाय. पावसाळ्यात हितनं पानी जातंय."

ठिपका चुकला नव्हता. आम्ही खरोखरच त्या रेषेवर होतो, पण ती रेषाच वाटेची नव्हती. थार, जिप्सी, जिम्नी घेऊन आडवाटेला जाणारे बहुतेक लोक इथंच फसतात. पडद्यावर ठिपका आणि रेषा एकत्र दिसतात म्हणून दोन्हींवर सारखाच विश्वास बसतो. वास्तविक ठिपका आकाशातून आलेला असतो आणि रेषा कुणीतरी माणसानं काढलेली असते. एकाच्या खरेपणाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

आधी ठिपक्याचं बघू. जुन्या कोल्हापूरकरांना शाहू मिलचा भोंगा आठवत असेल. समजा भोंगा बरोबर सात वाजता वाजला आणि तुम्हाला तो सातला सहा सेकंद उलटल्यावर ऐकू आला. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुम्ही मिलपासून दोन किलोमीटरवर आहात. दिशा कळली नाही, पण अंतर कळलं. आणखी दोन ठिकाणचे भोंगे असेच ऐकले, तर तीन वर्तुळं जिथं एकमेकांना छेदतात तिथं तुम्ही. जीपीएसचे भोंगे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतात. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, त्यामुळं डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश जिप्सीपर्यंत पोचायला सेकंदाचे फक्त ६७ हजारांश भाग लागतात.

गोम घड्याळात आहे. भोंग्याच्या हिशोबात एका सेकंदाची चूक झाली तर ३४० मीटरचा फरक पडतो. इथं सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी ३०० मीटर गेले. उपग्रहावर अणुघड्याळं असतात, आपल्या फोनमध्ये मात्र काही रुपयांचा क्वार्ट्झ. म्हणून चौथा उपग्रह लागतो. तुमचं स्थान सांगायला तीन आकडे आणि फोनचं घड्याळ किती चुकलंय हा चौथा. चार अज्ञातं म्हणून चार समीकरणं, आठवीच्या बीजगणितासारखंच. आणि उपग्रहावरच्या घड्याळांचीही एक गंमत आहे. वेगानं फिरतात म्हणून ती रोज ७ मायक्रोसेकंद मागं पडतात, आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढं धावतात. वजाबाकी करून ३८ मायक्रोसेकंद पुढं. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित हळू लावून वर पाठवतात. आईनस्टाईनची सापेक्षता कुठं कामाला येते असं कुणी विचारलं, तर गारगोटीच्या पुढं रस्ता शोधायला येते असं खुशाल सांगा.

यात कुठंही मोबाईलचा टॉवर आला नाही. उपग्रह बोलतो, फोन ऐकतो, बस्स. उपग्रहाला तुम्ही कुठं आहात याचा पत्ताही नसतो. तरीही "रेंज गेली, आता जीपीएस चालणार नाही" हे वाक्य प्रत्येक ट्रिपमध्ये ऐकू येतं. त्याला कारणं दोन. पहिलं साधं: ठिपका असतो, पण त्याच्याखालचा नकाशा इंटरनेटवरून यायचा असतो, त्यामुळं करड्या कागदावर एकटा ठिपका दिसतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला की हा प्रश्न मिटला.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. उपग्रह किती दूर हे कळून भागत नाही, तो त्या क्षणी नेमका कुठं आहे हेही कळावं लागतं. ही माहिती, म्हणजे उपग्रहाचं पंचांगच म्हणा, तो स्वतःच संदेशातून पाठवत असतो, पण सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं! एका उपग्रहाचं पंचांग पूर्ण यायला ३० सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. शहरात फोन हे सगळं इंटरनेटवरून चुटकीसरशी मागवतो. रेंज नसेल तर त्याला आकाशाकडं कान लावून बसावं लागतं, आणि त्यात मधेच झाड आलं, गाडी वळली की तो तुकडा परत ऐकायचा. माझी सवय अशी की गारगोटीला चहासाठी थांबलं की रेंज असतानाच अ‍ॅप उघडून ठेवायचं आणि फोन मोकळ्या आकाशाखाली धरायचा. ते पंचांग पुढं काही तास पुरतं. त्यानंतर फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी चालतो, उलट बॅटरी वाचते. कारण नसलेला टॉवर शोधण्यातच फोनची बरीच ताकद जाते.

घाटात ठिपका हलतो त्याचं कारण आकाशाचा आकार. मोकळ्या माळावर क्षितिजापर्यंतचे उपग्रह दिसतात. करूळ किंवा भुईबावडा घाटात एका बाजूला कडा उभा असतो आणि अर्धं आकाश गायब होतं. उरलेले उपग्रह एकाच बाजूला गोळा झालेले असतात, त्यामुळं वर्तुळं एकमेकांना काटकोनात न छेदता घासून जातात आणि छेदबिंदू लांबट होतो. त्यात कड्यावर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेनं येतो आणि फोनला वाटतं, उपग्रह जरा लांब आहे. अशा ठिकाणी डोक्यावर उंच दिसणारे उपग्रह उपयोगी पडतात. आपल्या नाविकची, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह-यंत्रणेची, रचनाच तशी आहे. इस्रोनं त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला. सात उपग्रहांपैकी तीन भूस्थिर आणि चार भारताच्या आसपास आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत फिरणारे, सगळे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. पण त्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ हा नवा उपग्रह भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ घेऊन वर गेला, तर जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणून फोन घेताना "नाविक सपोर्ट" वाचून हुरळून जायचं कारण नाही. चांगला फोन जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदोऊ अशा सगळ्यांचं ऐकतो, त्यात नाविक हा आणखी एक आवाज.

फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरात, गाडी मुंगीच्या पावलानं चालते तेव्हा पडद्यावरचा बाण भिरभिरतो, ते अनेकांनी पाहिलं असेल. तुम्ही कुठल्या दिशेला जाताय हे फोन मुख्यतः तुमच्या चालण्यावरून ठरवतो. गाडी थांबली की चालच नाही, मग तो चुंबकसूचीकडं वळतो, आणि ती बिचारी दीड टन लोखंडाच्या पोटात बसलेली असते. दिशा हवी असेल तर गाडीतून उतरा, दहा-पंधरा पावलं लांब जा आणि मग फोन बघा.

उंचीचा आकडा तर आणखी बेभरवशाचा. सगळे उपग्रह आपल्या वरच असतात, खालून मोजणारा कुणी नाही, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते. शिवाय जीपीएस पृथ्वीला गुळगुळीत लंबगोल समजून उंची मोजतं. खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती जवळपास १०६ मीटर खाली आहे आणि आपल्याकडंही पन्नास मीटरपेक्षा जास्त खाली. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून एखाद्या अ‍ॅपमध्ये कच्ची उंची पाहिलीत तर तुम्ही पाण्याखाली बुडालेले दिसाल. बरीच अ‍ॅप्स ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत.

लोकेशन लिहून घेतानाचा घोळ मी स्वतः घातलाय. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश १४ मिनिटं पूर्व. हेच फोनमध्ये १६.४२ आणि ७४.१४ असं टाकलं तर? एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणजे ४२ मिनिटं म्हणजे ०.७० अंश. त्या एका टिंबानं तुम्ही ३१ किलोमीटर दक्षिणेला आणि दहा किलोमीटर पश्चिमेला सरकता. रंकाळ्यावर भेटायचं ठरवून गारगोटीच्या उत्तरेला कुठंतरी शेतात उभे राहता.

आता रेषेकडं वळू, कारण जिप्सी अडकली ती तिच्यामुळं. नकाशावरची कच्ची वाट बहुतेक वेळा कुणीतरी उपग्रहाचं छायाचित्र समोर ठेवून हातानं काढलेली असते. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप असाच जगभरच्या हौशी लोकांनी भरलाय. त्यात कच्च्या वाटांना ग्रेड-१ ते ग्रेड-५ अशी प्रतही देता येते, पण आपल्या भागात ती सहसा कुणी भरत नाही. मार्च-एप्रिलमधल्या छायाचित्रात बैलगाडीची वाट फिकट पट्ट्यासारखी दिसते आणि कोरडी वगळही तशीच दिसते. वरून पाहणाऱ्याला घळीची खोली कळत नाही. आमची तुटक रेषा बहुधा अशीच, कुठल्यातरी शहरात बसून कुणीतरी रविवारी दुपारी चांगल्या मनानं ओढलेली.

मग अ‍ॅप त्या रेषेवरून तुम्हाला न्यायला तयार कसं होतं? रस्ता शोधण्याची मूळ युक्ती एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचली. गाठी आणि गाठींना जोडणाऱ्या दोऱ्या, प्रत्येक दोरीला एक किंमत, आणि कमीत कमी किमतीची साखळी शोधायची. आजची अ‍ॅप्स त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या चालवतात. पण दोरीची किंमत ठरते ती रेषेवर लिहिलेल्या नावावरून. 'कच्ची वाट' लिहिलं की ताशी पंधरा किलोमीटर धरायचे, झालं. त्या किमतीत चिखल नसतो. शिरोळकडची पाणंद पाहा: एप्रिलमध्ये तिच्यातून ट्रक जाईल, ऊस उभा असताना दोन्ही बाजूंनी पात्यांचा बोगदा होतो, आणि गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की जिप्सीचं पोट मधल्या मातीवर टेकतं. नकाशावर मात्र बारा महिने तीच एक रेषा.

चढ-उताराचं चित्रही फसवं असतं. मोफत मिळणारी उंचीची माहिती बरीचशी फेब्रुवारी २००० मधल्या एंडेव्हर अवकाशयानाच्या अकरा दिवसांच्या रडार मोहिमेतून आलेली आहे. तिच्यात जमीन तीस-तीस मीटरच्या चौकोनांत मोडलीय, एका चौकोनाला एकच उंची. आता जांभ्याच्या सड्याची कड घ्या. सपाट माळ, आणि मग एकदम आठ मीटरची उभी भिंत. तीस मीटरच्या दोन चौकोनांत आठ मीटरचा फरक म्हणजे गणितानं फक्त पंधरा अंशांचा उतार! कुठलीही फोर बाय फोर हसत चढेल असा. पडद्यावर तो सौम्य पिवळ्या रंगात दिसतो, प्रत्यक्षात तिथं कडा असतो.

म्हणून रेषेपेक्षा मी ट्रॅकवर जास्त भरवसा ठेवतो. ट्रॅक म्हणजे खरी गाडी जाताना ठिपक्यानं मागं सोडलेल्या खुणा, जीपीएक्स फाईलमध्ये वेळेसकट नोंदलेल्या. त्यात तारीख बघायची, पावसाळ्याआधीची की नंतरची. दोन खुणांमधलं अंतर आणि वेळ बघितला की कुठं गाडी रखडली ते कळतं. एकाच जागी वीस मिनिटं खुणांचा गुंता झाला असेल, तर तिथं नक्की विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी, निघालंय. आणि दिशा बघायची. उतरून गेलेला ट्रॅक चढून येण्याची हमी देत नाही. जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५०,०००ला एक प्रमाणाचा नकाशा, ज्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. १७६७ मध्ये सुरू झालेल्या या खात्याची माणसं त्या डोंगरांत पायी फिरली आहेत. त्यांच्या नकाशात ओढा ओढ्याच्याच खुणेनं दाखवलेला असतो, एवढं जरी आधी बघितलं असतं तरी माझा क्लच वाचला असता.

ट्रॅक टाकताना मात्र हात आवरावा लागतो. सड्यावरची माती बोट-दोन बोटं जाड, पावसाळ्यात त्यावर महिना-दोन महिने जगणारी फुलझाडं, आणि तुमच्या एका ट्रॅकमागं पन्नास गाड्या. राधानगरी अभयारण्यासारख्या वनखात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हाच आहे. आणि रेंज नाही म्हणून परदेशातून सॅटेलाईट फोन किंवा मेसेंजर आणण्याचा विचार असेल, तर तोही सरकारी परवान्याशिवाय इथं चालत नाही.

त्या दिवशी म्हातारबाबांनी आम्हाला खरी वाट दाखवली. वगळीच्या वरून, आंब्याच्या झाडाला वळसा घालून, त्यांच्या वस्तीच्या मागून. नकाशावर त्या वाटेचा मागमूस नव्हता. वस्तीही नव्हती. सगळं हिरवं. कुडाच्या भिंती, दोन गोठे, पाण्याची टाकी, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, आणि पडद्यावर आमचा ठिपका जंगलात एकटाच.

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या वस्तीचं नाव सांगा. नकाशात टाकतो, म्हणजे पुढच्यांना वाट सापडंल."

बाबांनी जिप्सीच्या चाकांकडं पाहिलं, मग दगडाला घासून वाकलेल्या सायलेन्सरकडं. "नगं बाबा," ते म्हणाले, "मग तुमच्यावानी रोजच येत्याल."