पार्श्वभूमी: कंपनी विकल्यानंतरची चार वर्षं

फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतलं, तो सौदा 19 अब्ज डॉलरला ठरला, हे सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी 2014 मधल्या त्या रकमेची फोड मात्र कुणी सांगत नाही: रोख 4 अब्ज, शेअर 12 अब्जांचे, आणि उरलेले 3 अब्ज चार वर्षांत टप्प्याटप्प्याने ‘वेस्ट’ होणाऱ्या, म्हणजे ठरलेला काळ नोकरीत राहिल्यावरच हक्काच्या होणाऱ्या शेअरचे. पहिले दोन भाग कंपनीचा मोबदला, तिसरा भाग तिथेच टिकून राहण्याचा. मुदतीआधी नोकरी सोडली की वेस्ट न झालेले शेअर हातचे जातात.

शेअरचा भाग बहुधा डॉलरमध्ये नाही, संख्येत ठरतो. फेसबुकनेच घेतलेल्या इन्स्टाग्रामला 2012 मध्ये 30 कोटी डॉलर रोख आणि सुमारे 2.3 कोटी शेअर कबूल झाले होते. व्यवहार पुरा होईपर्यंत फेसबुकच्या शेअरचा भाव घसरला आणि ठरलेल्या एक अब्ज डॉलरचे साधारण 71.5 कोटी उरले. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत भाव चढला, 19 चे जवळपास 22 अब्ज झाले.

खरा वाद व्हॉट्सअ‍ॅपच्या करारातल्या एका कलमाचा. संस्थापकांच्या संमतीशिवाय कमाईच्या योजना ‘राबवायला’ सुरुवात झाली, तर त्यांचे उरलेले सगळे शेअर लगेच वेस्ट व्हावेत, असं ते कलम होतं. जानेवारी 2016 मध्ये वर्षाचं एक डॉलर शुल्क बंद झालं, ऑगस्टमध्ये वापरकर्त्यांचे फोन नंबर फेसबुककडे देण्याच्या अटी आल्या, मग जाहिरातींचा आग्रह सुरू झाला. सप्टेंबर 2017 मध्ये एका संस्थापकाने बाहेर पडताना या कलमावर बोट ठेवलं. खरेदीदाराच्या वकिलांचं उत्तर होतं, आम्ही योजना चाचपतोय, राबवत नाही. हे संस्थापक कोर्टात गेले नाहीत. सुमारे 85 कोटी डॉलरवर पाणी सोडून निघाले.

वकिलांचा मुद्दा कागदावर टिकण्यासारखा होता, पण दोष कलम लिहिणाऱ्यांचाही आहे. ‘राबवणे’ नेमकं कधी सुरू होतं, हे ठरवणारी खूण आधीच लिहायला हवी: पहिल्या जाहिरातीची चाचणी, जाहिरातदाराशी पहिला करार, किंवा अटींमधला बदल. खूण नसेल तर निर्णय वेळ काढू शकणाऱ्याच्या बाजूने झुकतो, आणि वेळ खरेदीदाराकडे भरपूर असतो.

दुसऱ्या संस्थापकाने एप्रिल 2018 मध्ये राजीनामा जाहीर केला. तरी बातम्यांनुसार बाकी शेअर वेस्ट व्हावेत म्हणून ते पुढचे काही महिने अधूनमधून ऑफिसात हजेरी लावत होते. सिलिकॉन व्हॅलीत याला ‘रेस्ट अँड वेस्ट’ म्हणतात, आणि त्यात कुणाला फारसं वावगंही वाटत नाही. सुट्टीत जुन्या पोर्शे गाड्या जमवणार, असं या संस्थापकांनीच राजीनामा जाहीर करताना लिहिलं होतं.

आधी गेलेल्या संस्थापकाने फेब्रुवारी 2018 मध्ये 5 कोटी डॉलर सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपच्या ना-नफा संस्थेत घातले. व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शन 2016 पासून पूर्णपणे सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर चालतं. इन्स्टाग्रामचे दोघे संस्थापक सप्टेंबर 2018 मध्ये बाहेर पडले. 2023 मध्ये त्यांनी आर्टिफॅक्ट हे बातम्यांचं अ‍ॅप काढलं. ते बंद करत असल्याची घोषणा जानेवारी 2024 मध्ये झाली. अशा अ‍ॅपसाठी पुरेसा मोठा बाजार दिसत नाही, असं कारण त्यांनी दिलं.