दूरचित्रवाणी मुद्रणांचे डीइंटरलेसिंग

टीव्हीवरून व्हीसीआरने घरी मुद्रित केलेल्या कार्यक्रमाची संगणकावर फाइल करताना प्रत्येक फ्रेममध्ये गुंतलेली दोन अर्धी चित्रे सोडवून त्यांची पूर्ण चित्रे करण्याची क्रिया. फाइलमध्ये हालचाल सलग दिसेल की अडखळेल, हे बहुतांशी याच पायरीवर ठरते.

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले ते पाल पद्धतीने: ६२५ ओळी, त्यांतल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ फ्रेम. पण कॅमेरा एक फ्रेम एका दमात टिपत नसे. आधी एकाआड एक २८८ ओळी आणि १/५० सेकंदाने उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे दर सेकंदाला हालचालीचे ५० वेगळे क्षण. पिक्चर ट्यूबवर ते एकामागून एक उमटत, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नसे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकदम दिसली की हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात. क्रिकेटच्या सामन्यात गोलंदाजाचा हात ओळीओळीने फाटलेला दिसतो, मागची साइटस्क्रीन मात्र स्वच्छ.

हे दात घालवण्याचा सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे एक फील्ड टाकून देणे किंवा दोन्ही मिसळणे. तो चुकीचा आहे. टाकल्याने निम्मी हालचाल जाते, मिसळल्याने प्रत्येक वस्तूला भुताटकीसारखी दुसरी कडा येते. योग्य मार्ग प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम बनवून सेकंदाला ५० फ्रेमची फाइल करण्याचा. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधील बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर ‘प्रत्येक फील्डला एक फ्रेम’ या पर्यायावर ठेवला की हे काम चांगले करतो. एव्हीसिंथ या व्हिडिओ संस्करणाच्या सॉफ्टवेअरमधील क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसर कितीतरी संथ, पण व्हीएचएसच्या थरथरत्या कडा तोच नीट बसवतो. एकदाच करायचे असेल तर वेळ द्यावा.

फील्डचा क्रम आधी तपासावा. बहुतेक कॅप्चर कार्डे (व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारी) वरचे फील्ड आधी देतात, डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओची यंत्रे खालचे. क्रम उलटा लागला तर चित्र दोन पावले पुढे, एक मागे असे धक्के खाते. मालिकेच्या शेवटी वर सरकणारी श्रेयनामावली यासाठी उत्तम कसोटी: नावे न अडखळता सलग चढली तर क्रम बरोबर, थरथरली तर उलटा. डीइंटरलेसिंगपूर्वी चित्राची उंची बदलू नये. वरून विषम संख्येने ओळी कापल्या तरी क्रम उलटतो.

चित्रपटाचे प्रक्षेपण वेगळे. सेकंदाला २४ फ्रेमची रीळ पालमध्ये २५च्या वेगाने चालवत, त्यामुळे दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात. तिथे डीइंटरलेसिंग केल्यास बारकावे विनाकारण जातात. फील्ड एका घराने सरकली असतील, म्हणजे एका फ्रेममध्ये शेजारच्या दोन फ्रेमची फील्ड आली असतील, तर जोड्या पुन्हा जुळवाव्यात, एवढेच.

अर्थात कॅप्चरच बिघडले असेल तर पुढचे सारे व्यर्थ. व्हीएचएस प्लेअरमधला फिरता ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, प्रत्येक फेरीत त्यावरची टेप वाचणारी दोन हेड एकेक फील्ड वाचतात. टेप ताणली गेली असेल तर ओळींची वेळ पुढेमागे होते आणि उभ्या रेषा, दाराची चौकट, नागमोडी दिसतात. कार्डाचा ताल चुकला की फ्रेम गळतात आणि आवाज ओठांशी जुळेनासा होतो. टाइम बेस करेक्टर (ओळींची वेळ सावरणारी सोय) असलेला प्लेअर किंवा मध्ये तसे यंत्र लावणे हाच खरा इलाज. गळलेल्या फ्रेम नंतर भरून येत नाहीत. कॅसेट पुन्हा चालवावी. मात्र दमट हवेत बुरशी धरलेली कॅसेट आधी साफ केल्याशिवाय प्लेअरमध्ये घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

कॅप्चर ७२० × ५७६ ला, पाल निवडून, हफवाययूव्हीसारख्या दर्जा न घटवता चित्र दाबून साठवणाऱ्या कोडेकने करावे; तासाला साधारण ३० ते ३५ जीबी जागा लागते. डीव्हीला १३ जीबी पुरतात, पण रंगाचा तपशील कमी उरतो. खालच्या काही ओळींत हेड बदलताना उमटणारा फाटका पट्टा असतो. तो डीइंटरलेसिंगनंतर काळ्या रंगाने झाकावा. डावी-उजवीकडून आठ-आठ पिक्सेल काढून पिक्सेलच्या रुंदी-उंचीचे प्रमाण १२:११ ठेवले की ४:३ चित्र योग्य रुंदीचे दिसते, चेहरे लांबट होत नाहीत. अंतिम फाइल एक्स२६४ या एन्कोडरने, सीआरएफ हा दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवून. जागा असेल तर मूळ कॅप्चर पुसू नये. प्रक्षेपण संस्थांनी अनेक टेपा पुन्हा वापरल्या, त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाची उरलेली प्रत कुणाच्या तरी कपाटातली हीच कॅसेट असू शकते.