रक्तगट एकच निघाला म्हणून सोयरीक मोडू नका

'नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलं आजारी निपजतात.' लग्नसराई आली की हा मेसेज फिरतोच. 'दोन्हीसना गट एकच शे,' एवढ्यावरून बैठकीत सुपारी अडलेली मी पाहिली आहे.

काळजी रास्त आहे, पण तपासणी चुकीची. एकच गट असण्याने काही बिघडत नाही. गल्लीत बी पॉझिटिव्ह जोडपी शोधा, त्यांची धडधाकट पोरं दिसतील. (आई आरएच निगेटिव्ह अन् बाळ पॉझिटिव्ह, ही गोष्ट वेगळी, त्यावर इंजेक्शन आहे.)

आपल्याकडे, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, बघायचं ते सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात. बदललेलं जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस फक्त वाहक. बहुधा त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी निघालं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच.

रक्तगटाच्या चिठ्ठीवर यातलं काहीच दिसत नाही. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी, मागा. ती पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांवर कळतं.