कॅपाडोकियाचे बलून पहाटेच का उडतात?

तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला गेलेला माणूस गरम हवेच्या बलूनमध्ये बसल्याशिवाय सहसा परतत नाही. त्यासाठी भल्या पहाटे, अंधारातच गाडी हॉटेलवर न्यायला येते. एवढा खटाटोप सूर्योदयाच्या फोटोंसाठी, अशी बहुतेकांची समजूत असते आणि जाहिरातीही तसंच भासवतात. वैमानिकाचा हिशोब वेगळा असतो. सूर्य वर आला की त्याची मुदत सुरू होते, आणि ऊन तापायच्या आत त्याला खाली उतरायचं असतं.

कारण आहे जमिनीत. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, आकाश निरभ्र असेल तर जास्तच. तिला लागून असलेली हवा गार होते, पण शे-दोनशे मीटर वरची हवा तुलनेने उबदार राहते. एरवी उंचावर गारठा वाढतो, इथे थर उलटे लागतात. जड हवा खाली आणि हलकी वर, म्हणजे खालच्या हवेला वर जायचं कारणच उरत नाही. पहाटेची शांतता ती हीच. म्हणून बलून वर गेल्यावर कधी कधी थंडी कमी झाल्यासारखी वाटते, आणि त्याचं श्रेय उगाच बलूनमधली हवा तापवणाऱ्या बर्नरला मिळतं.

ऊन पडलं की हे सगळं मोडतं. उघडा खडक लवकर तापतो, द्राक्षमळा उशिरा. तापलेल्या जागांवरून हवेचे स्तंभ वर चढू लागतात. घारी आणि ग्लायडरवाले याच स्तंभांची वाट बघत असतात. बलूनला मात्र ते भलतीकडे उचलून नेतात, आणि शेजारच्या खाली येणाऱ्या हवेत सापडला तर तो खालीही ढकलला जातो. ना पंख, ना सुकाणू. वैमानिकाच्या हाती असतो एक बर्नर आणि माथ्यावरची झडप उघडणारी दोरी.

गार हवेचा दुसरा फायदा वजनाचा. वीसेक माणसं नेणारा, 10,000 घनमीटरचा बलून धरू. कॅपाडोकियातलं गोरेमे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटरवर आहे. बाहेर 5 अंश सेल्सिअस असेल तर तिथली एक घनमीटर हवा साधारण 1.11 किलो भरते. बलूनच्या आतली, 100 अंशांपर्यंत तापवलेली, 0.83 किलो. फरक पाव किलोहून थोडा जास्त, पण दहा हजारांनी गुणलं की सुमारे 2800 किलोंचा उचल मिळतो. त्यात कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि माणसं, सगळं बसवायचं. बाहेर 30 अंश झाले तर हाच उचल 1900 किलोंवर येतो. जवळजवळ दहा-बारा माणसं कमी! आतली हवा आणखी तापवावी, तर नायलॉनचं कापड साधारण 120 अंशांच्या पुढे टिकाव धरत नाही.

याच आकडेमोडीत एक गंमत दडलेली आहे. बलूनच्या आतली 'हलकी' हवा मिळून आठ टनांहून जास्त भरते. म्हणून बर्नर पेटवला की बलून लगेच वर जात नाही, काही सेकंदांनी जातो. टेकडी समोर आल्यावर जाळ करून उपयोग नसतो.

मोंगोल्फिए बंधूंनी 1783 मध्ये फ्रान्समध्ये पहिले बलून उडवले, तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. धुरातच काही खास वायू असतो असं समजून ते ओला पेंढा आणि लोकर जाळत. तरीही त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला दोन माणसं पॅरिसवरून सुमारे 25 मिनिटं उडाली. आजच्या प्रोपेन बर्नरच्या बलूनची सुरुवात मात्र 1960 ची. अमेरिकेच्या एड योस्ट यांनी नेब्रास्कात तो उडवला.

मग दिशा कशी बदलायची? वारा वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्याचा फायदा घेऊन. रात्रीची गार, जड हवा उतारावरून घरंगळत दऱ्यांमध्ये जमते, तिचा ओघ एकीकडे. वरचा वारा दुसरीकडे. निघण्यापूर्वी एक छोटा हेलियमचा फुगा सोडून तो कुठे वळतो ते बघतात. पुढे हव्या त्या वाऱ्याच्या उंचीवर जायचं, एवढंच. कसलेला वैमानिक याच युक्तीने दरीत उतरून सुळक्यांजवळून जातो आणि शेवटी टोपली थेट गाडीच्या ट्रेलरवर टेकवतो. टोपलीत वारा जवळपास लागतच नाही, कारण तुम्ही वाऱ्यासोबतच निघालेले असता.

उडायचं की नाही हे कंपनी ठरवत नाही. तुर्कस्तानच्या नागरी विमान वाहतूक विभागाचे झेंडे असतात: हिरवा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. खाली झाडाचं पानही हलत नसताना लाल झेंडा लागला की प्रवासी वैतागतात. पण गार हवेच्या थरावर, तीनशे मीटरवर, वारा जोरात असू शकतो, आणि तो जमिनीवरून कळत नाही. त्यामुळे बुकिंग करताना मुक्कामातली पहिलीच सकाळ धरावी. रद्द झालं तर पुढच्या सकाळी हाताशी राहतात.