समुद्र चढतोय, मग खाडी उथळ का होतेय?

ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोली, सारसोळे, दिवाळे, कुठल्याही कोळीवाड्यात जाऊन विचारा. साठीच्या पुढचे कोळी एकच सांगतात, खाडी भरत चालली. पूर्वी ओहोटीलाही होडी निघायची, आता चिखलात रुतते, भरतीची वाट बघत बसावं लागतं. दुसरीकडे समुद्राची पातळी वाढतेय हे आपण रोज वाचतो. मला बरीच वर्षं वाटायचं, यातलं एक काहीतरी चुकत असणार. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी समुद्राचं बघू. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जाते. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. २००५ पर्यंतच्या आकड्यांवरून वाढ निघते वर्षाला सरासरी ०.७४ मिलिमीटर. म्हणजे १२७ वर्षांत साडेनऊ सेंटिमीटरच्या आत-बाहेर, अर्धी वीतही नाही. पण हा वेग आता राहिलेला नाही. १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. या वेगाने अर्ध्या वितीला तीस-पस्तीस वर्षं पुरतात. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो हे कारण सर्वांना माहीत असतं. आपल्या महासागरात मात्र मोठा वाटा दुसऱ्याच कारणाचा आहे: पाणी तापलं की फुगतं, तेवढं साधं.

आता खाडी. ठाण्याची खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आणि नरसाळ्यासारखी आहे. ट्रॉम्बे-उरणच्या बाजूला ऐसपैस, ठाण्याकडे चिंचोळी. वरच्या टोकाला ती एका अरुंद फाट्याने उल्हास नदीला जोडलेली आहे, त्यामुळे नदीचं पाणी जोराने येऊन ती धुऊन काढत नाही. भरतीबरोबर आलेला गाळ ओहोटीबरोबर पुरता परत जात नाही. त्यात डोंगरातल्या दगडखाणींची माती, बांधकामांचा राडारोडा आणि शहरांचं सांडपाणी येऊन मिळतं. १९७३ मध्ये वाशीचा पहिला पूल झाला, १९९७ मध्ये दुसरा, मग आणखी पूल. खांबांच्या आडोशाला पाणी मंदावतं, आणि मंदावलेलं पाणी गाळ खाली सोडतं.

चिखल एका ठरावीक उंचीवर आला की तिथे तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, बी रुजतं. जमिनीतून वर आलेली त्याची श्वसनमुळं लाटेचा जोर मोडतात, आणखी गाळ अडतो, तिवरं पुढे सरकतात. उपग्रहाच्या चित्रात हिरवा पट्टा वाढलेला दिसतो आणि आपण खूश होतो. मला स्वतःला तिवरांबद्दल फार जिव्हाळा आहे. पण ही झाडं उघड्या चिखलावर पुढे येतात, आणि तो चिखल रिकामा नसतो. चिखलावर सरपटणारे निवट्या मासे तिथेच उड्या मारतात, खुबे हे शिंपले तिथेच मिळतात. लाखाच्या घरात येणारे रोहित पक्षी ओहोटीला त्याच चिखलात चोच उलटी करून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. याच पाखरांमुळे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. भरतीला चिखल बुडाला की ती नेरुळच्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणजे त्यांना दोन जागा लागतात, एक जेवायची आणि एक थांबायची.

मुंब्रा-दिव्याच्या बाजूला, उल्हास नदीच्या खाडीत, नेमकं उलट घडतं. तिथे सक्शन पंपाने रेती उपसली की तळाशी खड्डा होतो, तो भरायला काठाची माती घसरते आणि मुळं उघडी पडलेली तिवरं पाण्यात आडवी होतात. एकीकडे जमीन वाढते, दुसरीकडे खचते.

मग चढत्या समुद्रापुढे तिवरं टिकतील का? गाळ साठवून ती स्वतःखालची जमीन उचलत राहतात, पण त्याला मर्यादा आहे. जगभरच्या ७८ ठिकाणच्या जुन्या गाळाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र वर्षाला साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने चढला तेव्हा तिवरांना तग धरता आला नव्हता, असं त्यात दिसलं. अशा वेळी ती मागे, जमिनीकडे सरकतात. आपल्याकडे तिवरांच्या मागच्या बाजूला पूर्वी खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) आणि मिठागरं होती. आता तिथे रस्ते, भिंती आणि वीस मजली इमारती आहेत. समोरून पाणी, मागून काँक्रीट, अशी ही कोंडी आहे.

त्या इमारतींमधल्या माणसांचंही यात काही अडकलेलं आहे. नवी मुंबईचे बरेच भाग उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, भरतीपेक्षा खाली आहेत, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जातं. आगरी शेतकऱ्यांना हे नवं नव्हतं. खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, म्हणजे खारबंदिस्तीला, उघाडी (पाणी सोडायचं दार) बसवून ते हेच करत आले होते.

उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात पाणी तासाला सुमारे एक मीटर चढतं-उतरतं. समुद्र दहा सेंटिमीटर वर आला, तर झडप सहा मिनिटं आधी बंद होणार आणि सहा मिनिटं उशिरा उघडणार. प्रत्येक भरतीला बारा मिनिटं, दिवसातून दोनदा. धारण तलावांतही आता गाळ साचलाय, त्यावर तिवरं उगवली आहेत, आणि तिवरं कायद्याने संरक्षित असल्याने गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. पारसिकच्या डोंगरावरून सुटलेलं पाणी मात्र त्या बारा मिनिटांतही तलावाकडे येतच असतं.