लास वेगासची मोकळी संध्याकाळ : आइस हॉकीचा सामना बघावा का?

आमच्या अमेरिका सहलीत लास वेगासला एक संध्याकाळ मोकळी असते. त्या वेळात आइस हॉकीचा सामना बसवता येईल का, असं दादरच्या ऑफिसात बरेच जण विचारतात. म्हणून हे पत्रक.

आधी चर्चगेटच्या स्टेडियममध्ये बघितलेली हॉकी डोक्यातून काढा. इथे चेंडू नसतो, गोठवलेली रबरी चकती असते. एका बाजूला गोलकीपर धरून सहाच खेळाडू, आणि तेही धाप लागली की मिनिटाभरात बदलतात. 20 मिनिटांचे तीन भाग, मधे दोन मोठ्या विश्रांती. एकूण अडीच तास धरा. मारामारी झाली तर पंच दोघांना 5 मिनिटं बाहेर बसवतात, खेळ पुढे चालू. (आजी-आजोबांना आधी कल्पना देऊन ठेवा.)

पर्यटक खरंच जातात का? ही शंका आधी खुद्द वेगासलाच होती. फिरायला आलेले लोक कसिनो आणि शो सोडून बर्फावरची हॉकी कशाला बघतील, असं बोललं जायचं. पण वेगासला एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली मोठी आइस हॉकी लीग) स्वतःचा संघ मिळण्याआधीच तिथल्या रहिवाशांनी हंगामी तिकिटांसाठी 10,000 हून जास्त अनामती भरल्या. वेगासचे 'गोल्डन नाइट्स' 2017 मध्ये मैदानात उतरले, पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचले आणि 2023 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकले. म्हणजे स्टेडियम भरतं ते आधी गावकऱ्यांमुळे. पर्यटकांत मोठा वाटा पाहुण्या संघाच्या चाहत्यांचा. आपल्या संघाचा सामना बघून दोन दिवस वेगास करायचं, असा त्यांचा बेत. तुमच्या-आमच्यासारखा, कुठल्याच संघाचा नसलेला प्रेक्षक त्या गर्दीत थोडाच. तरी आमचं मत : एकदा जावं. सामन्याआधी बर्फावर चिलखतातल्या सरदाराचं नाटक होतं, तेवढ्यावरच मुलं खूश होतात.

आता अडचणीचं. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर हा बेत सोडून द्या. साखळी सामने ऑक्टोबर ते एप्रिल. मेमध्ये फक्त बाद फेरी, तीही संघ टिकला तर. तारखा ऐनवेळी कळतात आणि तिकीट महाग. दिवाळीच्या सुट्टीत मात्र छान जमतं.

सामने होतात ते स्टेडियम, टी-मोबाइल अरीना, मुख्य रस्त्यावरच्या न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलच्या मागेच आहे, तिथल्या मुक्कामातून चालत जाता येतं. सामने बहुधा संध्याकाळी 7 च्या सुमारास. ग्रँड कॅन्यनच्या दिवशीचं तिकीट काढू नका. बस वेळेत परतेल याची हमी आम्ही देत नाही.

जागा घेताना बर्फाभोवतीच्या काचेजवळ बसायचा मोह टाळा. नव्या माणसाला तिथून चकती दिसत नाही, नुसते खांदे आपटलेले दिसतात. वरच्या मजल्यावर स्वस्तही पडतं आणि खेळही कळतो. बाहेर वाळवंट असलं तरी आत गारठा असतो, स्वेटर हवाच. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे थेपले हॉटेलवरच ठेवा. शाकाहारींना पॉपकॉर्न, नाचोजवर वेळ मारून न्यावी लागेल.

तिकिटाचे दर समोर कोण खेळतंय आणि वार कोणता यावर हलतात, म्हणून ते सहलीच्या रकमेत धरलेले नाहीत. वेळापत्रक साधारण जुलैत येतं. ते आलं की तुमची वेगासची तारीख घेऊन ऑफिसात या, आपण मिळून बघू.